पावसाळ्याचे चार महिने दोर कुठे ठेवावा?

सांदण दरीतले दोर मे महिन्याच्या अखेरीस खाली येतात. मृगाचा पाऊस घाटमाथ्यावर उभा राहिला की साम्रद, रतनवाडी, पाचनई इथली रॅपलिंगची कामे थांबतात आणि हे सामान चार महिने कुणाच्या तरी माळ्यावर, पलंगाखाली किंवा धान्याच्या खोलीत जाऊन पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आभाळ मोकळे झाले की तेच दोर, तेच हार्नेस घेऊन लोक पुन्हा दरीत उतरतात. या मधल्या काळात त्या दोराचे काय झाले हे फार थोडे जण पाहतात. कड्यावर घासून झिजलेला दोर डोळ्यांना दिसतो. घरात खराब झालेला दोर बाहेरून नव्यासारखा दिसू शकतो, म्हणून त्याचा धोका मोठा.

अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाला दोन तोंडे आहेत. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात, वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे जुलैमध्ये भिंतींना पाझर फुटतो, कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. नगर शहरात पाऊस साधारण सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर आणि घराघरात धूळ. अकोले तालुक्यातल्या राजूरच्या मुलाचा दोर ओलाव्याने बिघडतो, नगरच्या मुलाचा उन्हाने आणि उष्णतेने. एकच सल्ला दोघांना पुरत नाही. पुढची कृती लिहिताना हा फरक मी जागोजागी सांगितला आहे.

आधी सामान कशाचे बनलेले आहे ते पाहू, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. दोर, हार्नेसचे पट्टे आणि बहुतेक स्लिंग नायलॉनच्या असतात. 1935 साली ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली नायलॉन तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धात ते रेशमाची जागा घेऊन पॅराशूटमध्ये गेले. आजही पॅराशूट आणि गिर्यारोहणाचा दोर यांचे शत्रू तेच आहेत: ऊन, आम्ल, उष्णता आणि वाळू. पॅराशूटवाल्यांची एक शिस्त आपण उचलावी अशी आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार राखीव पॅराशूट एकदाही उघडले गेले नसले तरी 180 दिवसांच्या आत ते प्रमाणित माणसाकडून सोडून, तपासून पुन्हा घडी घालून घेतलेले असावे लागते, नाहीतर ते घेऊन उडी मारता येत नाही. वापरले नाही म्हणजे ते ठीकच असणार, हे तिथे कुणी गृहीत धरत नाही.

बारीक पांढऱ्या स्लिंग बऱ्याचदा डायनीमाच्या असतात. त्या ताकदीला जबरदस्त, पण साधारण 145 अंश सेल्सिअसला वितळतात. नायलॉनला त्यासाठी 200 च्या बरेच वर जावे लागते. म्हणून चूल, इस्त्री, कंदील यांच्याजवळ डायनीमा तर अजिबात नको.

कामाची सुरुवात घरी पोचल्यावर होत नाही, दरीच्या तळाशीच होते. सांदणमध्ये वाटेत पाण्याचे डोह आहेत आणि त्या पाण्यात गाळ असतो. शेवटचा टप्पा उतरून देहणे गावाच्या दिशेने निघण्यापूर्वी दोर सपाट खडकावर मोकळा करून झटका. ओला असेल तर गुंडाळीच्या आत चिखल दाबून बसवू नका. सगळ्या गाठी तिथेच सोडा. आठची गाठ ओल्या दोरात घट्ट आवळली की घरी ती सोडायला लोक सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेतात, आणि दोराला पहिली जखम तिथे होते. दोर जमिनीवर ठेवायचाच असेल तर खाली ताडपत्री अंथरा. त्यावर पाय देऊ नका, दुसऱ्या कुणालाही देऊ देऊ नका. पायाने दाबलेला बारीक कण बाहेरची वीण ओलांडून आत गाभ्यापर्यंत जातो आणि दोरावर भार आला की आतले धागे कापत राहतो. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून झालेली रेती टणक असते, ती तिथेच टिकून राहते.

मग गाडी. जीपच्या डिकीत स्टेपनी, जॅक, डिझेलचा कॅन आणि कधी कधी एखादी जुनी बॅटरी असते. दोराची पिशवी तिथे टाकू नका, पायाशी किंवा मांडीवर घ्या. बॅटरीबद्दल मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण माझ्या मते आपल्या जिल्ह्यात दोराला सगळ्यात मोठा धोका तिचाच आहे.

गाडीच्या, ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या शिसे असलेल्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते. चार्जिंग होताना तिच्यातून वायूचे बुडबुडे निघतात आणि त्यांच्यासोबत आम्लाचे सूक्ष्म थेंब हवेत येतात. नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या हे आम्ल तोडते. दोर फाटत नाही, रंग फारसा बदलत नाही, हाताला काही लागत नाही, आणि ताकद मात्र निघून गेलेली असते. जर्मन आल्पाइन क्लबच्या सुरक्षा-संशोधनाचे काम अनेक वर्षे पाहणारे पिट शुबर्ट यांनी दोर तुटण्याच्या घटनांचा पाठपुरावा केला होता. खडकाची धारदार कड आणि आम्ल ही दोन कारणे त्यात पुन्हा पुन्हा पुढे आली. अकोल्यात, संगमनेरात, नगरमध्ये आता घरोघरी इन्व्हर्टर आहे. तो बहुधा जिन्याखाली किंवा अडगळीच्या खोलीत असतो, आणि ट्रेकचे सामानही नेमके तिथेच जाते. हे दोन्ही एका खोलीत ठेवू नका. खोली एकच असेल तर सामान दुसऱ्याच्या घरी ठेवा. संडास धुण्याचे ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर यांनाही हाच नियम.

शेतकऱ्याच्या घरात आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. युरिया आणि इतर खते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यांची भुकटी सगळीकडे बसते. फवारणीचा पंप धुतलेला असला तरी त्याच्या नळीत औषध उरते. धान्यात टाकायच्या गोळ्यांमधून ओलाव्याने विषारी वायू सुटतो, त्या खोलीत माणसानेही कारणाशिवाय थांबू नये. यातले कुठले रसायन दोराला किती बाधते याचा विचार करत बसण्यापेक्षा दोर त्या खोलीत न नेणे सोपे आहे.

आता धुणे. प्रत्येक वेळी धुवायची गरज नसते. कोरड्या खडकावर एक दिवस वापरलेला दोर झटकून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवला तरी चालतो. पण सांदणच्या डोहातून आलेला, लाल मातीत लोळलेला किंवा हाताला काळा रंग सोडणारा दोर धुवायलाच हवा, आणि पावसाळ्यासाठी आत टाकण्यापूर्वी तर प्रत्येक दोर धुवावा. त्याचे कारण बुरशीत आहे. नायलॉनवर बुरशी जगत नाही. ती जगते दोरातल्या घामावर, मातीवर, हाताच्या तेलावर. स्वच्छ दोराला अकोल्याच्या पावसातही बुरशी सहसा धरत नाही. मळका दोर मात्र पंधरा दिवसांत वास मारू लागतो.

मोठे घमेले किंवा प्लास्टिकचा टब घ्या. तो आधी नीट धुवा, विशेषतः त्यात कधी कपड्यांचे ब्लीच किंवा फिनेल कालवले असेल तर. पाणी साधे किंवा जेमतेम कोमट, 30 अंशांच्या वर नको. साबण सौम्य हवा. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारे द्रावण थोडेसे घाला. धुण्याची नेहमीची पावडर, सोडा, डाग घालवणारी रसायने नकोत. दोर हातावर घेत हळूहळू टबात सोडा, अर्धा तास भिजू द्या, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुठीतून ओढत न्या. जास्त मळ असेल तिथे मऊ ब्रश फिरवा. धोपटणे आणि घासणी नको. पाणी काळे झाले की बदला. शेवटचे पाणी नितळ निघेपर्यंत खळबळत राहा, साबण आत राहिला तर तोही पुढे धूळ धरून ठेवतो. बोअरचे पाणी खारट असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्या. पिळू मात्र नका. पिळल्याने गाभा आणि वीण एकमेकांवर सरकतात.

हार्नेस आणि स्लिंगही याच पाण्यात धुता येतात. हार्नेसचे बकल सैल करून सगळे पट्टे मोकळे करा. कंबरेच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला घामाचे मीठ साठलेले असते, तिथे जास्त वेळ द्या. हे मीठ उंदरांना ओढून आणते, आणि उंदराने कुरतडलेला हार्नेस दुरुस्त करता येत नाही.

वाळवताना सगळ्यात जास्त घाई होते. दोर कौलांवर किंवा पत्र्यावर उन्हात पसरला की तासाभरात वरून कोरडा दिसतो, म्हणून लोक तसे करतात. उन्हातली अतिनील किरणे नायलॉन कमकुवत करतात आणि मे महिन्यातला पत्रा हात भाजण्याइतका तापतो. दोर सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सैल वेटोळ्यांनी लाकडी काठीवर किंवा सुती दोरीवर टाका. ताणून बांधू नका. ओसरी चांगली, पंख्याखालची खोलीही चांगली. हीटर, चूल, केस वाळवायचे यंत्र यांतले काही नको. नगरला एप्रिलच्या कोरड्या हवेत दोर दीड-दोन दिवसांत वाळतो. अकोल्यात जून उजाडल्यावर धुतलेला दोर आठवडाभर दमट राहतो. म्हणून घाटमाथ्यावरच्या मंडळींनी धुण्याचे काम मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरकावे. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला गर्दी उसळते, गावातल्या प्रत्येक हाताला काम असते आणि हे काम मागे पडते. ते त्याआधीच संपवलेले बरे.

दोर आतून वाळला का हे कळायला एक साधा उपाय आहे. दोराचा थोडा भाग मुठीत घट्ट धरून मिनिटभर ओठांच्या वर, नाकाखाली धरा. ओल असेल तर तिथे गार लागते. शंका असेल तर आणखी एक दिवस जाऊ द्या.

वाळलेला दोर तपासायला शांत दुपार हवी, गप्पा मारत हे काम होत नाही. एका टोकापासून सुरू करा आणि हातभर दोर एका वेळी दोन्ही हातांत घेऊन त्याचा यू आकाराचा वळसा करा. चांगला दोर सगळीकडे सारख्याच गोलाईने वळतो. एखाद्या ठिकाणी तो एकदम मोडल्यासारखा वाकला, चपटा लागला, पोकळ किंवा फुगलेला वाटला, तर आतला गाभा दुखावला आहे. वीण विस्कटून आतले पांढरे धागे दिसत असतील तर त्या जागी दोर संपला. काचेसारखा चकचकीत, कडक पट्टा म्हणजे वेगाने रॅपलिंग करताना डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरायचे साधन, तापून वीण वितळलेली आहे. सांदणमध्ये पर्यटकांना भराभर उतरवताना हे घडते. खराब भाग टोकाजवळ असेल तर तेवढा कापून उरलेला दोर आखूड म्हणून वापरता येतो. मधोमध असेल तर दोन आखूड दोर करा किंवा टाकून द्या, पण खराब भागाशेजारी गाठ मारून काम चालवू नका.

नंतर दोर मोजा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. नायलॉनचा दोर भिजून वाळला की आखडतो, सुरुवातीच्या काही धुण्यांत तर चांगलाच. 60 मीटरचा म्हणून विकत घेतलेला दोर दोन हंगामांनंतर 57 मीटर भरू शकतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा सांदणच्या टप्प्यावर तीन मीटर म्हणजे जमिनीपर्यंत पोचणे आणि हवेत लटकणे यातला फरक. मधल्या खुणेचीही जागा दोन्ही टोके जुळवून पुन्हा तपासा. नवी खूण करायला बाजारातले मार्कर पेन वापरू नका, त्याच्या शाईतल्या द्रावकांनी दोर कमजोर होऊ शकतो. दोरासाठी बनवलेली शाई मिळते, नाहीतर रंगीत दोऱ्याचे चार टाके वरच्या विणीतून वरवर घाला आणि गाभ्याला सुई लागू देऊ नका. मोजलेली लांबी टोकाला कापडी टेप गुंडाळून त्यावर लिहा.

दोराचे वय ठाऊक नसेल, विशेषतः तो कुणाकडून जुना घेतला असेल, तर एक गोष्ट करता येते. ईएन 1891 या युरोपीय मानकाच्या स्टॅटिक दोरात गाभ्यामध्ये एक बारीक फीत असते आणि तिच्यावर उत्पादकाचे नाव, मानक आणि उत्पादनाचे वर्ष थोड्या थोड्या अंतराने छापलेले असते. टोकाकडचे काही सेंटिमीटर कापून फीत ओढून पाहा. नंतर टोक वितळवून बंद करा. ही फीत सापडली नाही तर तो दोर रॅपलिंगसाठी घेऊ नका. रस्त्यावरच्या दुकानातला रंगीत दोर कितीही जाड दिसला तरी तो सामान बांधायचा.

हार्नेस तपासताना बिले लूपवर, म्हणजे कंबरेचा आणि मांड्यांचे पट्टे पुढे जोडणाऱ्या शिवलेल्या कडीवर, सगळ्यात जास्त लक्ष द्या. 23 ऑक्टोबर 2006 रोजी योसेमिटीतल्या लीनिंग टॉवरवरून टॉड स्किनर हा अत्यंत अनुभवी अमेरिकन प्रस्तरारोहक पडला आणि मरण पावला, कारण त्याच्या हार्नेसचा झिजलेला बिले लूप तुटला. नवा हार्नेस त्याने मागवलेला होता. लूप गोल फिरवून पाहा, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला दबलेला भागही समोर येईल. शिवणीचे टाके बोटाने चाचपा. काही हार्नेसमध्ये झीज कळावी म्हणून आत वेगळ्या रंगाचा थर असतो, तो दिसू लागला की वापर थांबवा. स्लिंगमध्ये मारून ठेवलेल्या सगळ्या गाठी सोडा. वर्षानुवर्षे एकाच गाठीत राहिलेली स्लिंग त्या वळणावर कायमची मुडपते.

धातूचे सामान वेगळे धुवा आणि वेगळे ठेवा. कॅराबिनर, फिगर ऑफ एट, जुमार कोमट पाण्यात टूथब्रशने घासा, बिजागऱ्यांतली वाळू काढा, फडक्याने पुसून दिवसभर उघड्यावर वाळू द्या. गेट कुरकुरत असेल तर बिजागरीला ग्रॅफाइटची पूड किंवा सिलिकॉनचा एखादा थेंब द्या आणि ओघळ पुसून घ्या. शिलाई यंत्राचे तेल नको, ते वाळू चिकटवून धरते आणि पुढे दोरावर उतरते. दोर जिथून घासत जातो तिथे ऍल्युमिनियमला चर पडतो. हा चर एक मिलिमीटरपेक्षा खोल गेला किंवा त्याची कड बोटाला धारदार लागली, तर तो कॅराबिनर बाजूला काढा, कारण तीच कड दोराची वीण कापते. पोलादी कॅराबिनर दमट हवेत गंजतात आणि गंजाचा डाग दोरावर उतरतो. म्हणूनच दोघांच्या पिशव्या वेगळ्या. हेल्मेटच्या आतला फोम दाबून काही ठेवू नका, त्यावर रंग किंवा चिकट स्टिकर लावू नका. हेडटॉर्चमधल्या बॅटऱ्या काढून घ्या, त्या पावसाळ्यात गळतात.

आता जागा. नगर, राहुरी, पाथर्डी अशा कोरड्या भागात घराच्या आतल्या बाजूची, पश्चिमेचे ऊन न लागणारी भिंत निवडा. पत्र्याच्या छपराखालचा माळा टाळा, मे महिन्यात तिथली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. बंद मोटारीतही सामान ठेवू नका. दोर सुती पिशवीत सैल, वेटोळे न आवळता, जसा पडेल तसा भरा आणि लाकडी फळीवर ठेवा. पिशवी नुसत्या फरशीवर टेकवू नका. पूर्ण वाळलेले सामान इथे लोखंडी ट्रंकेतही राहू शकते, पण आत सुती कापडाचे अस्तर हवे, म्हणजे पत्र्याचा गंज दोराला लागणार नाही.

घाटमाथ्यावर मात्र ट्रंक नको, आणि खताची प्लास्टिक गोणी तर मुळीच नको. बंद जागेत राहिलेला थोडासा ओलावा चार महिने तिथेच फिरत राहतो. तिथे जुन्या घरातले जाळीच्या दारांचे लाकडी कपाट सगळ्यात चांगले. हवा खेळते, उंदीर शिरत नाही, अंधारही पुरेसा असतो. ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पायांखाली विटा द्या. चुलीच्या खोलीत ठेवले की कोरडे राहते असे अनेक जण म्हणतात. ते खरे आहे, पण धूर, काजळी आणि उडणारी ठिणगी यांची किंमत जास्त आहे, म्हणून मी तो सल्ला देणार नाही. शेजारच्या खोलीत, चुलीच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतात. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले, तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. त्यासाठी जुना, स्वयंपाकातून बाद केलेला तवा घ्या. डांबरगोळ्यांची गरज नाही. कसर लोकर आणि रेशीम खाते, नायलॉनला हात लावत नाही.

आणि एवढे करून पावसाळाभर विसरून जायचे नाही. पाऊस जरा उघडला, ऊन पडले की महिन्यातून एकदा सगळ्या पिशव्या काढा. सामान खोलीत पसरून दोन-तीन तास पंखा लावा, वास घ्या, दोर चाचपा, उंदराच्या लेंड्या दिसतात का पाहा, सिलिका जेल बदला. आषाढात काढले, श्रावणात काढले, भाद्रपदात काढले, एवढे पुरते. बुरशीचा पांढरा थर दिसला तर दोर घरात झटकू नका. बाहेर नेऊन ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा सौम्य साबणाने धुवा आणि वाळवा.

या सगळ्याची एक वही ठेवा. प्रत्येक वस्तूला एक पान: उत्पादक, उत्पादनाचे वर्ष, खरेदीची तारीख, अनुक्रमांक, लांबी, आणि खाली प्रत्येक वापराची ओळ. कुठे गेला, किती माणसे उतरली, भिजला का, कड्यावरून दगड पडला का, कधी धुतला, कुणी तपासला. महाराष्ट्र सरकारने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांच्या नोंदणीचा मुद्दा पुढे आला. नोंदणी असो नसो, ही वही गावातल्या चार पोरांच्या गटालाही परवडणारी आहे. दोर अनेकांच्या हातून फिरतो, तेव्हा त्याच्यावर मागच्या रविवारी काय बेतले हे फक्त वहीला माहीत असते.

दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होताना तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा, मेमध्ये केली होती म्हणून सोडू नका. मग गावाजवळच्या एखाद्या भक्कम झाडावर, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, सगळे सामान अंगावर घेऊन भार देऊन बघा. जुमार धरतो का, कॅराबिनरचे लॉक फिरते का, बकल सरकते का, हे तिथेच कळते.

शेवटी दोर कधी टाकायचा. अनेक उत्पादक नायलॉनच्या सामानाला उत्पादनापासून जास्तीत जास्त 10 वर्षे देतात, आणि ती एकदाही न वापरलेल्या, नीट ठेवलेल्या सामानासाठी. शनिवार-रविवार सांदणमध्ये राबणारा दोर एक-दोन हंगामांतच संपू शकतो. आम्ल लागल्याची शंका आली, दोर नेमका कुठे होता हे सांगणारे कुणी नसले, तर तपासत बसू नका, टाकून द्या. टाकताना तो अखंड कुणाला देऊ नका. गोठ्याजवळ पडलेला 40 मीटरचा दोर पुढच्या मोसमात कुणीतरी उचलून रॅपलिंगला नेतो. त्याचे तीन-तीन हातांचे तुकडे करा. गुरांच्या दाव्यांना ते कामी येतात.

आणि तुम्ही सांदणला किंवा कोकणकड्यावर पर्यटक म्हणून जाणार असाल, तर पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला एवढेच विचारा: हा दोर कोणत्या वर्षाचा आहे, आणि पावसाळ्यात कुठे ठेवला होता? वही दाखवायला सांगा. वही नसेल तर दरीत उतरू नका.